पहाटे दोन चोवीसचा निरोप

२०१७ च्या नवरात्रातली दुसरी माळ. मुंबईत गरब्याचे स्पीकर केव्हाच बंद झाले होते, शेवटची लोकलही कारशेडला लागली होती. २३ सप्टेंबर, पहाटेचे २ वाजून २४ मिनिटं ३० सेकंद. त्या सेकंदाला दक्षिण ध्रुवावर, बर्फाखाली दीड ते अडीच किलोमीटरवर टांगलेल्या काचेच्या गोळ्यांना निळसर प्रकाशाची एक रेघ दिसली. ४३ सेकंदांनी जगभरच्या वेधशाळांना आपोआप निरोप गेला: अमुक दिशेने जबरदस्त ऊर्जेचा न्यूट्रिनो आलाय, तिकडे काही दिसतंय का बघा. न्यूट्रिनो म्हणजे विद्युतभार नसलेला, जवळजवळ कशालाही न अडणारा कण.

मी मुंबईतल्या एका कॉलेजात टीवायबीएस्सीला भौतिकशास्त्र शिकवते. अभ्यासक्रमात नसलेलं हे प्रकरण मी दरवर्षी दोन-तीन तासिका काढून घेतेच, कारण एका बाणाशी माझं भांडण आहे. बहुतेक सादरीकरणांत एकीकडे गॅमा किरण, म्हणजे सर्वाधिक ऊर्जेचा प्रकाश, दुसरीकडे न्यूट्रिनो आणि मध्ये दोन्ही बाजूंना टोक असलेला एक बाण असतो: एक दिसला की दुसराही असणारच. त्या बाणाचा अर्थ काय, हे २०१७ ची ही एक घटना जितकं दाखवते, तितकंच लपवतेही.

निरोपातले आकडे

बर्फातल्या त्या शोधकाचं नाव आइसक्यूब, आणि या नोंदीचं आइसक्यूब-१७०९२२ए. म्हणजे २०१७, नववा महिना, बावीस तारीख. आपल्याकडे तेवीस उजाडली होती, पण खगोलातला हिशेब जागतिक वेळेचा, आणि त्या वेळेने रात्रीचे ८ वाजून ५४ मिनिटं झाली होती. पहिल्या वर्षी मी फळ्यावर हीच वेळ भारतीय म्हणून लिहिली आणि पुढचा सगळा हिशेब साडेपाच तासांनी बोंबलला. डोंबिवलीहून येणाऱ्या एका मुलीने मागच्या बाकावरून तो पकडला. तेव्हापासून पहिला गृहपाठ वेळ बदलण्याचाच असतो. त्यात एक गंमतही सापडते. त्या दिवशी शरदसंपात, म्हणजे दिवस-रात्र समान होण्याचा क्षण, होता, आणि या घटनेच्या वेळी तो होऊन एक तासही झाला नव्हता. म्हणजे ध्रुवावर सहा महिन्यांच्या रात्रीनंतर सूर्य नुकता क्षितिजाला लागला होता. बर्फाखालच्या गोळ्यांना अर्थात त्याचा पत्ता नाही.

हे गोळे ५,१६० आहेत. ८६ तारांवर ओवून सुमारे एक घन किलोमीटर बर्फात सोडलेले. न्यूट्रिनो स्वतः दिसत नाही. तो बर्फातल्या किंवा खालच्या खडकातल्या एखाद्या अणुकेंद्राला धडकला तर त्यातून म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ, निघतो. बर्फात प्रकाशाचा जो वेग असतो त्याहून हा म्यूऑन जोरात पळतो, म्हणून मागे चेरेंकॉव्ह प्रकाशाचा शंकू सोडत जातो. कुठल्या गोळ्याला तो किती नॅनोसेकंद आधी दिसला यावरून दिशा काढायची. या म्यूऑनने शोधकाच्या आत सुमारे २४ टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, वर्गातल्या भाषेत टीईव्ही, एवढी ऊर्जा सोडली. त्यावरून मूळ न्यूट्रिनोची ऊर्जा बहुधा २९० टीईव्ही निघते. जिनिव्हाजवळच्या महाकाय त्वरकात तेव्हा प्रोटॉन ६.५ टीईव्हीला पळवत होते. न्यूट्रिनोला विद्युतभार नसतो, त्यामुळे त्याला असं पळवताच येत नाही. त्याला जन्म देणारा प्रोटॉन मात्र त्याच्या साधारण वीसपट ऊर्जेचा हवा. म्हणजे जवळपास ६,००० टीईव्ही.

दिशेचा आकडा मी फळ्यावर मोठा लिहिते: क्षितिजाच्या ५.७ अंश खाली. वरून विश्वकिरणांचा, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या प्रोटॉनांसारख्या वेगवान कणांचा, मारा चालूच असतो आणि त्यातले म्यूऑन बर्फात येऊन पोहोचतात. क्षितिजाखालून येणारा म्यूऑन मात्र तसा असू शकत नाही. ५.७ अंशांची जीवा काढली तर जमिनीतून साडेबाराशे किलोमीटरचा रस्ता होतो, मुंबईहून सरळ रेषेत दिल्लीच्याही पुढे. एवढा खडक म्यूऑनला झेपत नाही. न्यूट्रिनोला झेपतो.

पृथ्वीचीच गाळणी करायची ही युक्ती मुंबईच्या लोकांना नवी नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली मंडळी ओसाका आणि डरहॅमच्या सहकाऱ्यांसोबत कोलारच्या सोन्याच्या खाणीत २.३ किलोमीटर खोल उतरली होती. तिथे १९६५ साली त्यांनी वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची नोंद केली, जगातल्या अगदी पहिल्या नोंदींपैकी एक. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या एका सोन्याच्या खाणीतही तसंच यश आलं. कोलारलाही तिरके, आडवे येणारे म्यूऑन महत्त्वाचे होते, कारण सरळ वरून येणाऱ्यावर भरवसा ठेवता येत नाही. वर्गात हे सांगितलं की मुलं जरा ताठ बसतात. कोलार कुठे आहे हे मात्र निम्म्यांना शोधावं लागतं.

पिनकोड आहे, पत्ता नाही

निरोपातल्या दिशेत चुकीची शक्यता धरली तर आकाशाचा सुमारे एक चौरस अंश तुकडा हाती येतो. पौर्णिमेचे पाच चंद्र मावतील एवढा. न्यूट्रिनोच्या मानाने हे फार नेमकं आहे, दुर्बिणीच्या मानाने फार ढोबळ. एवढ्या तुकड्यात दीर्घिका खच्चून भरलेल्या असतात. दादर पश्चिम एवढंच लिहिलेलं पाकीट पोस्टमनच्या हातात द्यावं तशातली गत. म्हणूनच न्यूट्रिनोवाल्यांना गॅमावाले लागतात. गॅमा किरणांच्या आकाशात गर्दी कमी असते, आणि कोण केव्हा भडकलंय याची त्यांच्याकडे रोजची नोंद असते.

तुकडा मृग नक्षत्रातला. मृगाच्या पश्चिमेकडच्या खांद्यापासून आणखी चारेक अंश पश्चिमेला. पुढचे काही दिवस तिकडे एकेक डोळा वळत गेला. नामिबियातल्या गॅमा दुर्बिणींनी पहिल्याच रात्री पाहिलं, काही लागलं नाही. स्विफ्ट उपग्रहाने सव्वातीन तासांत क्ष-किरणांचे वेध सुरू केले आणि त्याला त्या भागात एक सोडून अनेक स्रोत दिसले. पत्ता अजून लागलेला नव्हता.

तो लागला हिरोशिमाकडून. तिथले यासुयुकी तानाका आणि त्यांचे सहकारी त्या भागातल्या ब्लेझारांकडे, म्हणजे एका खास जातीच्या झगझगीत दीर्घिकांकडे, प्रकाशीय दुर्बिणीतून पाहत होते. त्यांनी फर्मी या गॅमा किरण पाहणाऱ्या उपग्रहाची नोंद उघडली. फर्मी दर तीन तासांत अख्खं आकाश झाडून काढतो, त्यामुळे मागचं सगळं आपोआप साठलेलं असतं. टीएक्सएस ०५०६+०५६ नावाचा एक ब्लेझार नेहमीच्या सुमारे सहापट तेजाने पेटलेला होता, आणि न्यूट्रिनोच्या दिशेपासून तो जेमतेम ०.१ अंशावर होता. २८ सप्टेंबरला फर्मीच्या गटाने तसं जाहीर केलं.

या नावावर दरवर्षी कुणीतरी अडतंच. स्रोत ५ तास ९ मिनिटांवर असताना नावात ५ तास ६ मिनिटं का? नाव टेक्सासच्या रेडिओ सर्वेक्षणातलं, आणि त्यातले निर्देशांक १९५० च्या चौकटीचे. पृथ्वीचा आस तेव्हापासून जरा ढळला, आकडे सरकले, नाव तेच राहिलं. बॉम्बे हायकोर्टासारखं.

ब्लेझार म्हणजे मध्ये प्रचंड कृष्णविवर असलेली दीर्घिका. तिच्यातून निघणारा कणांचा झोत नेमका आपल्या तोंडावर रोखलेला असतो. हा ब्लेझार किती लांब आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढे कॅनरी बेटांवरच्या १०.४ मीटरच्या दुर्बिणीने त्याची ताम्रसृती, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे त्याचा प्रकाश लालकडे किती सरकला ते, ०.३३६५ मोजली. प्रकाशाला तिथून यायला ३.८ अब्ज वर्षं लागतात.

त्याच बेटांवर, ला पाल्माला, मॅजिकच्या १७ मीटर व्यासाच्या दोन गॅमा दुर्बिणी आहेत. २४ तारखेच्या प्रयत्नात त्यांच्या हाती काही लागलं नव्हतं. फर्मीची बातमी आल्यावर २८ पासून त्यांनी पुन्हा नेटाने पाहायला घेतलं. इथे पंचांग कामाला येतं. या दुर्बिणी गॅमा किरण थेट पाहत नाहीत. तो वातावरणात फुटून कणांचा फवारा होतो, आणि त्या फवाऱ्याची काही नॅनोसेकंदांची निळी चमक त्या टिपतात. म्हणून अंधार हवा. न्यूट्रिनो आला ती आश्विन शुद्ध द्वितीयेची रात्र, चंद्र संध्याकाळीच मावळलेला. मॅजिकच्या निरीक्षणांच्या काळात दसरा येऊन गेला, कोजागरी ५ ऑक्टोबरला, आणि स्रोत तिथे उगवायचा मध्यरात्रीच्या सुमारास. चंद्र मावळल्यापासून उजाडेपर्यंतचे तास रोज आखूड होत होते. एकूण बाराएक तासांच्या निरीक्षणातून ४ ऑक्टोबरला त्यांनी कळवलं की या ब्लेझारमधून १०० अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टच्या, म्हणजे ०.१ टीईव्हीच्या, वरचे गॅमा किरण येताहेत, पाच सिग्मांहून अधिक खात्रीने. सिग्मा हे योगायोग नसल्याच्या खात्रीचं माप; आकडा जितका मोठा, तितकी खात्री जास्त. त्या ऊर्जेला हा स्रोत याआधी कधीच दिसला नव्हता.

सापडलं म्हणायचं का?

१२ जुलै २०१८ ला हे सगळं जगासमोर आलं. बातम्यांत विश्वकिरणांचा उगम सापडल्याचे मथळे होते. मूळ शोधनिबंधाची भाषा फार जपून वापरलेली, आणि तिसऱ्या तासिकेला वर्ग दोन तटांत फुटतो तो याच जागेवर.

एक आकडा बातम्यांत सहसा येत नाही. हा न्यूट्रिनो खरोखर दूरच्या विश्वातून आला असण्याची शक्यता ५६.५ टक्के होती. उरलेल्या शक्यतेत तो पृथ्वीच्याच वातावरणात तयार झालेला असू शकतो. नुसत्या त्या एका नोंदीवर पैज लावायची तर नाणं उडवण्यापेक्षा जरासंच बरं. वजन येतं ते भडकलेल्या ब्लेझारशी दिशा आणि वेळ जुळल्यामुळे.

आणि जुळणं किती दुर्मीळ? फर्मीच्या यादीतले आकाशगंगेबाहेरचे २,२५७ स्रोत धरून हिशेब केला तर खात्री ४.१ सिग्मा निघते. पण आइसक्यूबने त्याआधी असे १० निरोप पाठवले होते, आणि ही व्यवस्था आधीपासून असती तर जुन्या नोंदींतले आणखी ४१ गेले असते. म्हणजे फासा एकदाच टाकलेला नाही. हे सगळं जमेस धरलं की उरतात ३ सिग्मा, म्हणजे निव्वळ योगायोगाने असं घडण्याची शक्यता सुमारे ७४० त एक. कणभौतिकीत शोध म्हणायला पाच लागतात.

“मॅडम, ७४० त एक म्हणजे खूप झालं की,” असं पहिल्या बाकावरचा एक जण गेल्या वर्षी म्हणाला. बोरिवलीहून येणारा त्याचा मित्र म्हणाला, “तू रोज गाडी पकडतोस ना? वर्षातून सातशेवेळा चढतोस. एकदा तरी शाळेतला दोस्त भेटतोच. तेवढ्यावरून तो तुझ्यासाठीच आला होता म्हणणार का?” मी मध्ये पडले नाही. माझं मत विचाराल तर ‘पुरावा’ हा शब्द चालेल, ‘शोध’ नाही, आणि लेखकांनीही तेच केलं. पण दोघांचं भांडण मला माझ्या मतापेक्षा उपयोगी वाटतं.

जुळी भावंडं

आता त्या बाणाकडे.

झोतात प्रोटॉन भरपूर ऊर्जेला पोहोचला आणि एखाद्या फोटॉनवर, म्हणजे प्रकाशकणावर, आदळला की पायॉन हा अल्पजीवी कण तयार होतो. उदासीन पायॉन झाला तर तो लगेच फुटून दोन गॅमा किरण देतो. भारित पायॉन झाला तर तो म्यूऑन आणि न्यूट्रिनो देतो, आणि म्यूऑन विरताना आणखी दोन न्यूट्रिनो. दोन्ही प्रकारचे पायॉन एकाच भट्टीतले, म्हणून गॅमा आणि न्यूट्रिनो ही जुळी भावंडं. इथवर बाण बरोबर आहे.

पण हिशेब पुढे न्या. प्रोटॉनच्या ऊर्जेतला विसावा हिस्सा न्यूट्रिनोला मिळतो, दहावा गॅमाला. आपल्या न्यूट्रिनोचं जुळं भावंड म्हणून जन्मलेला गॅमा किरण सुमारे ६०० टीईव्हीचा असणार. तो कुठे आहे? फर्मी आणि मॅजिकने पाहिलेले किरण ०.४ टीईव्हीपर्यंतचेच. त्यांच्यात हजाराहून जास्त पटींचं अंतर आहे.

तो कुठेच नाही. शेकडो टीईव्हीचा गॅमा किरण विश्वात सर्वत्र पसरलेल्या सूक्ष्मतरंगांच्या फोटॉनांवर आदळून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी होऊन जातो. हजार टीईव्हीच्या आसपास तर त्याची मजल काही दहा हजार प्रकाशवर्षांपलीकडे जात नाही, म्हणजे आपल्या आकाशगंगेतच संपते. ३.८ अब्ज वर्षांच्या वाटेवर तो टिकण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे २०१७ मध्ये जे गॅमा दिसले ते त्या न्यूट्रिनोचं जुळं भावंड नव्हते. फार तर त्याच चाळीतले शेजारी.

पुढच्या वर्षांत वेगवेगळ्या गटांनी मांडलेली गणितंही साधारण याच वळणाने गेली. दिसणारा गॅमा प्रकाश मुख्यतः इलेक्ट्रॉनांचा: तेच इलेक्ट्रॉन चुंबकक्षेत्रात फिरून प्रकाश देतात आणि मग प्रकाशालाच धक्का मारून गॅमापर्यंत चढवतात. प्रोटॉनांचा वाटा छोटा, आणि त्यावर झाकण ठेवतात क्ष-किरण. प्रोटॉनांच्या टकरीतली ऊर्जा विरताविरता क्ष-किरणांच्या पट्ट्यात उतरते. पण या ब्लेझारच्या वर्णपटात नेमका तिथेच खड्डा आहे. प्रोटॉन जास्त धरले तर खड्डा भरून जातो, आणि स्विफ्टने मोजलेल्या आकड्यांशी जुळत नाही. मुलांना हा भाग सर्वांत अवघड जातो, मलाही पहिल्यांदा गेला होता. फळ्यावर दोन टेकड्या आणि मधली दरी काढून, दरीत खडूची भुकटी ओतून दाखवते. टेकड्या तशाच राहतात, दरी गेली की सगळा आलेख बिघडतो.

शांत काळातले तेरा

आइसक्यूबने मग आपल्याच जुन्या वह्या उघडल्या. साडेनऊ वर्षांच्या नोंदींत त्याच दिशेने सप्टेंबर २०१४ ते मार्च २०१५ या काळात अपेक्षेपेक्षा सुमारे १३ न्यूट्रिनो जास्त आलेले निघाले, खात्री ३.५ सिग्मा. २०१७ च्या एकट्या न्यूट्रिनोपेक्षा हे कितीतरी भरीव. आणि त्या पाच-सहा महिन्यांत ब्लेझार गॅमा किरणांत काय करत होता?

काहीच नाही. शांत होता.

बाण दोन्हीकडे चालत असता तर हे व्हायला नको होतं. पण भट्टीचा विचार केला की विरोध निवळतो. प्रोटॉनांना धडकायला दाट फोटॉन हवेत. आणि तेच दाट फोटॉन बाहेर पडू पाहणाऱ्या गॅमा किरणाला गिळतात. गॅमा अडण्याची शक्यता प्रोटॉन धडकण्याच्या शक्यतेपेक्षा सुमारे हजारपट असते. जिथे न्यूट्रिनो सढळ तयार होतात ती जागा गॅमासाठी बंद दारांची असायची दाट शक्यता. जिथून गॅमा आरामात बाहेर पडतात तिथे न्यूट्रिनो क्वचितच. पत्ता शोधायला ज्या नोंदवहीचा आधार घ्यायचा, तीच या जातीच्या स्रोतांबाबत कोरी.

२०२२ मध्ये हे आणखी ठसठशीत दिसलं. तिमिंगल तारकासमूहातल्या एनजीसी १०६८ या जवळच्या, सुमारे पावणेपाच कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेकडून आइसक्यूबला ७९ जादा न्यूट्रिनो मिळाले, ४.२ सिग्मा. मॅजिकने याआधीच तिकडे बराच वेळ पाहिलेलं होतं, आणि टीईव्ही ऊर्जेला काहीही सापडलं नव्हतं. या दीर्घिकेचं कृष्णविवर धुळीच्या आणि वायूच्या जाड आवरणाआड आहे. झोत आपल्याकडे रोखलेलाही नाही. ब्लेझारच्या उजेडात बसून शोधणाऱ्यांच्या पाठीमागे ती उभी होती.

हानलेचे दोन तास

एक हिशेब मी दरवर्षी वर्गाकडून करून घेते. निरोप आला त्या क्षणी हा ब्लेझार आकाशात कुठे होता? मुंबईहून पूर्वेला, सुमारे ४० अंश वर. मृग चढत होता. तो ब्लेझार मुंबईतून नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतका ठळक नाहीच, पण नजर टाकायला जागा ठाऊक असावी. ला पाल्माला तो तेव्हा उगवलाही नव्हता, अजून तीन तास बाकी होते. आणि लडाखच्या हानलेला? ४२ अंश वर, द्वितीयेची चंद्र नसलेली रात्र, आणि फटफटायला सव्वादोन तास.

हानलेची उंची ४,२७० मीटर. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची २१ मीटर व्यासाची मेस ही गॅमा दुर्बीण आज तिथेच आहे. २०१७ मध्ये ती उभारणीतच होती, रीतसर उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं. आरसा एवढा मोठा ठेवण्यात मुद्दा आहे. ३.८ अब्ज वर्षांवरून येणारे जास्त ऊर्जेचे गॅमा वाटेतच गळतात, कमी ऊर्जेचे पोहोचतात, आणि कमी ऊर्जेची चमक फिकी असल्याने ती टिपायला आरसाही मोठा लागतो.

यंदाचा शेवटचा गृहपाठ असा होता: वर्षाच्या कुठल्या रात्री हानलेहून हा ब्लेझार अंधारात निदान ४० अंश वर असतो, चंद्र वगळून. डोंबिवलीच्या त्या मुलीची धाकटी बहीण आता याच वर्गात आहे. तिने सप्टेंबरची पहाट ते मार्चची संध्याकाळ असा तक्ता केला, अमावास्येच्या आजूबाजूचे आठवडे पिवळे रंगवले आणि समासात पेन्सिलीने लिहिलं: “एनजीसी १०६८ साठी पण करू का? पण तिकडे गॅमा दिसणारच नाहीत ना?”

मी खाली लिहिलं: कर.